पोपट, पिंजरा आणि परवाना

पोपटासारख्या पाखराला कायद्याने संरक्षण द्यावे ही अलीकडची आणि परदेशातून आलेली कल्पना आहे, असा समज आपल्याकडे पुष्कळांचा दिसतो. "आता काय, पोपट पाळायलाही सरकारचा परवाना काढायचा?" असे हसत हसत विचारले जाते, आणि विचारणाऱ्याच्या सोप्यात पुष्कळदा एक पिंजरा टांगलेला असतो. त्या प्रश्नाचे खरे उत्तर ऐकले तर हसू जरा आवरते. परवाना काढायचा नाही, कारण तो मिळतच नाही. आपल्या रानातला पोपट पकडण्याचा, विकण्याचा किंवा हौसेखातर पिंजऱ्यात ठेवण्याचा परवाना आज सामान्य नागरिकाला मिळू शकत नाही. एके काळी पारध्याला असा परवाना मिळे, व्यापाऱ्याला मिळे, आणि त्याही आधी तो मागण्याची गरजच नव्हती. ही तीन अवस्थांतली वाटचाल कशी झाली, हा आजचा विषय.

संरक्षणाची कल्पना मात्र परदेशी नव्हे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात, राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर, सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची एक यादी कोरविली. त्या यादीतले पहिले नाव शुकाचे आणि दुसरे सारिकेचे, म्हणजे आपल्या राघू-मैनेचे आहे. हंस, चक्रवाक, वटवाघूळ, कासव ही मंडळी मागून येतात. पोपटाला हा अग्रपूजेचा मान का, याचे कारण सम्राटाने दिलेले नाही. त्याच लेखाच्या शेवटी, या २६ वर्षांत आपण २५ वेळा बंदिवान मुक्त केले, असेही तो सांगतो. पण हे बंदिवान माणसे होती. पिंजऱ्यातल्या शुकाबद्दल तिथे काही नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा विषय अधिक व्यवहारी अंगाने येतो. तिथे सूनाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. ज्यांना अभय दिले आहे अशा पशुपक्ष्यांचा केवळ वधच नव्हे, तर बंधही, म्हणजे त्यांना पकडून अडकवणेही, तिथे मोठ्या दंडाला पात्र ठरते. मोर, चकोर, हंस यांच्या पंक्तीत पोपट-मैनेलाही रक्षणीय म्हटले आहे. जे प्राणी पकडण्यास मुभा होती, त्यांतल्या जिवंत धरलेल्यांपैकी सहावा भाग अभयवनात सोडून द्यावा, अशीही व्यवस्था आहे. सहा धरा, एक सोडा! आजच्या भाषेत हा परवानाशुल्काचाच प्रकार. फक्त शुल्क नाण्यांत न घेता पाखरांत घेतले आहे.

परंतु ग्रंथातला नियम आणि घरातली रीत यांत आपल्याकडे नेहमीच अंतर राहिले. पोपट-मैनेला बोलायला शिकविणे ही कामसूत्राने चौसष्ट कलांत गणलेली कला. शुकसप्ततीतला पोपट सत्तर रात्री गोष्टी सांगतो, आणि त्या गोष्टी मराठीत शुकबहात्तरी होऊन येतात. आपल्या घरी तो 'विठू विठू' म्हणतो. जत्रेत ज्योतिष्याच्या पाटीवरून चोचीने चिठ्ठी काढून आपले भविष्य सांगतो. वध आणि बंध या दोहोंपैकी वधाचे पाप आपल्याला पटले, बंधाचे कधी जाणवलेच नाही. उलट, पिंजऱ्यात डाळ-मिरची, पेरूची फोड घालणारा माणूस स्वतःला पोपटाचा पालनकर्ताच समजत आला. कायद्याचा पुढला सारा इतिहास म्हणजे या दोन शब्दांमधले अंतर बुजविण्याचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

इंग्रजी अमदानीत पहिला कायदा झाला तो १८८७ साली. त्याचे स्वरूप मोठे चमत्कारिक होते. त्याचा रोख रानावर नव्हता, बाजारावर होता. नगरपालिका आणि लष्करी छावण्या यांच्या हद्दीत, विणीच्या हंगामात नुकतीच मारलेली वा धरलेली पाखरे बाळगण्यास व विकण्यास मनाई करता यावी, एवढाच त्याचा आवाका. त्यानंतर प्रश्न उभा राहिला तो पिसांचा. युरोपातल्या स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे खोवण्याची त्या काळी टूम होती, आणि त्या टोप्यांसाठी हिंदुस्थानातले बगळे, नीलपंख, खंड्या यांची कत्तल चालली होती. १९०२ साली सरकारने रानपक्ष्यांची पिसे व कातडी परदेशी पाठविण्यास बंदी केली. मग १९१२ चा रानपक्षी व प्राणी संरक्षण कायदा आला. त्याच्या यादीत माळढोक, बदके, तितर, लावे, मोर, कबुतरे अशी शिकारीची पाखरे आहेत, आणि त्यांच्या जोडीला बगळे, नीलपंख व खंड्या आहेत. पहिल्या गटाचे रक्षण बंदुकीवाल्या साहेबाला पुढल्या वर्षी शिकार मिळावी म्हणून, दुसऱ्याचे टोपीपासून वाचवावे म्हणून. बंद हंगामात यादीतले पाखरू मारणेच नव्हे तर पकडणेही गुन्हा होता. परंतु यादीत पोपट नव्हता. तो साहेबाच्या ताटात येत नव्हता आणि शेतकऱ्याच्या कणसावर बसत होता. त्याची कड घेणार कोण?

हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता. करवीर संस्थानाला तो लागू नव्हता. इथे दाजीपूरचे रान छत्रपतींच्या शिकारीसाठी राखीव होते. राखीव म्हणजे इतरांना मनाई, आणि इतरांना मनाई म्हणजे रान शाबूत. अशा राखणीवर आज टीका करणे सोपे आहे, पण राधानगरीच्या वरच्या अंगाला जे जंगल उरले त्याचे निम्मे श्रेय तिला द्यावे लागते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशुपक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, शिकार परवान्याखाली आणली, आणि तो कायदा आपल्या जिल्ह्यालाही लागू झाला. १९५८ साली दाजीपूर अभयारण्य म्हणून जाहीर झाले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झाले.

या रानाचा उल्लेख मुद्दाम केला. पोपट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकच पाखरू येते: हिरवे अंग, लाल चोच, नराच्या गळ्यात गुलाबी-काळे कडे. हा कीर. पण सह्याद्रीत त्याची भावकी मोठी आहे. जांभळट-लाल डोक्याचा टुईया. खांद्यावर तांबडा डाग असलेला, अंगाने थोराड करण पोपट. निळ्या पंखांचा पोपट, जो पश्चिम घाट सोडून जगात इतरत्र कुठेच नाही. आणि चिमणीएवढा भुंडा पोपट, जो वटवाघळासारखा उलटा लटकून झोपतो. सगळे झाडाच्या ढोलीत घर करतात. जुने, पोकळ झालेले झाड सरपणाला गेले की घरही जाते. आणि ढोलीचा दुसरा तोटा असा की, ती एकदा माणसाला ठाऊक झाली की पुढल्या वर्षी तो त्याच दिवसांत तिथेच हात घालतो. करण पोपटाची पिले बोलायला चांगली म्हणून त्यांना बाजारात भाव. त्या भावानेच त्याच्यावर पाळी आणली, आणि जागतिक यादीत आज तो संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या पक्ष्यांत मोडतो.

१९७२ साली संसदेने वन्य जीव संरक्षण कायदा केला. या कायद्याची व्याख्यांची कलमे रुक्ष म्हणून कोणी वाचत नाही. पण शिकार या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. मारणे तर तीत आहेच. पकडणे, फासा लावणे, जाळे टाकणे हेही शिकारच आहे. रानपक्ष्यांची अंडी वा घरटी विसकटणे हेही त्यातच. म्हणजे ढोलीत हात घालणारे पोर आणि बंदूक रोखणारा शिकारी कायद्याच्या एकाच शब्दाखाली आले. कौटिल्याने बंध आणि वध एकत्र ठेवले होते. दोन हजार वर्षांनी ते पुन्हा एकत्र आले.

पण व्याख्या झाली म्हणजे बंदी झाली असे नव्हे. या कायद्याच्या मूळ रूपात शिकारीचे परवाने होते, आणि त्यांत वन्य प्राणी पकडण्याचाही एक परवाना होता. व्यापाऱ्यांसाठी परवाने वेगळे. ज्या चौथ्या अनुसूचीत पोपटांची नोंद होती ती मुळात लहान शिकारीची अनुसूची. या दरवाजातून काय गेले? त्या काळात रानपक्षी निर्यात करणाऱ्या देशांत हिंदुस्थान अगदी वरच्या पायरीवर होता, आणि जाणाऱ्या पाखरांत आपला कीर मोठ्या प्रमाणावर होता. आज लंडनच्या बागांत हजारो कीर पोपट कडाक्याच्या थंडीत बर्फावरून ओरडत फिरतात. पिंजऱ्यांतून सुटलेल्या पाखरांची ही प्रजा. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात पिंजऱ्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या व्यापाराची कल्पना सांगावी लागणार नाही. मात्र पिंजऱ्यात पोचलेले पाखरू हे जिवंत राहिलेले पाखरू असते. वाटेत मेलेल्यांना परवाना लागत नाही, म्हणून त्यांची नोंदही होत नाही.

याच सुमारास जगाचा कायदा तयार होत होता. मार्च १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे संकटग्रस्त वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार झाला. त्याचे आद्याक्षरी नाव सायटीस. भारत त्यात १९७६ साली सामील झाला. कराराची तीन परिशिष्टे आहेत. पहिल्यात असलेल्या जातींचा रानातून धरून व्यापार करता येत नाही. दुसऱ्यातल्या जातींना निर्यात परवाना लागतो, आणि या निर्यातीने रानातल्या जातीला धोका नाही असे निर्यात करणाऱ्या देशाने तपासून म्हणावे लागते. तिसऱ्यात एखाद्या देशाने स्वतःहून नोंदविलेल्या जाती येतात. १९८१ साली कराराच्या देशांची बैठक नवी दिल्लीत भरली. तिथे एक मोठा निर्णय झाला: जगातले जवळजवळ सर्व पोपट एकदम दुसऱ्या परिशिष्टात घालावेत. 'जवळजवळ' म्हणण्याचे कारण, तीन पोपट वगळले गेले. दोन ऑस्ट्रेलियाचे, पिंजऱ्यात सहज वाढणारे: बजरीगर, ज्याला आपल्याकडे चुकीने लव्हबर्ड म्हणतात, आणि कॉकॅटिएल. तिसरा आपला कीर. बैठक दिल्लीत, बाहेर दिल्लीच्या झाडांवर कीर पोपटांचे थवे, आणि आत त्यालाच यादीतून सूट! यात अन्याय झाला असे मात्र नाही. यादी संकटग्रस्तांची होती आणि कीर संख्येने उदंड आहे.

दुसऱ्या परिशिष्टातल्या परवान्याने पोपट वाचले काय? आफ्रिकेच्या करड्या पोपटाकडे पाहावे. माणसासारखा बोलणारा म्हणून त्याची ख्याती. १९७५ पासून पुढच्या चार दशकांत रानातून धरलेले १३ लाखांहून अधिक करडे पोपट रीतसर निर्यात झाले. म्हणजे कागद होते, शिक्के होते, आणि रान मात्र ओस पडत होते. धोका नाही असे म्हणणारा देश तो धोका मोजायला कोणाला रानात धाडत होता काय, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच होते. अखेर २०१६ साली जोहान्सबर्गच्या बैठकीत त्याला पहिल्या परिशिष्टात हलविले. ब्राझिलच्या स्पिक्स मकाऊला तेवढाही अवधी मिळाला नाही. रानातला त्याचा शेवटचा पक्षी २००० साली दिसेनासा झाला. पिंजऱ्यात वाढलेल्या संततीतून काही पक्षी २०२२ मध्ये पुन्हा त्या रानात सोडले गेले.

भारताने दुसरा मार्ग धरला. १९९१ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या चारही अनुसूचींतल्या प्राण्यांची शिकार बंद झाली, पकडण्याचे परवानेही त्याबरोबर गेले, आणि त्याच सुमारास रानपक्ष्यांच्या निर्यातीचा दरवाजाही लावला गेला. हा निर्णय कठोर आहे, आणि तो कीर पोपटासारख्या उदंड पाखरालाही लागू आहे, म्हणून त्याला अतिरेकी म्हणणारे आहेत. मला तो शहाणपणाचा वाटतो. परवाना द्यायचा तर रानातून धरलेले पाखरू आणि पिंजऱ्यात जन्मलेले पाखरू यांतला फरक नाक्यावरच्या पहारेकऱ्याला कळला पाहिजे. पाखरू तर दोन्हीकडे हिरवेच. शिवाय कीर म्हणून धरलेल्या पिलांच्या टोपलीत करण पोपटाचे पिलू असले तर ते ओळखणार कोण? पिसे न फुटलेल्या पिलांच्या खांद्यावर तांबडा डाग दिसत नाही.

पिंजऱ्यातली पैदास करणाऱ्या देशांनी या अडचणीवर एक युक्ती काढली आहे. पिलू दोन-तीन आठवड्यांचे असताना त्याच्या पायात न जोडलेला, सलग धातूचा वाळा सरकवतात. पाय वाढला की तो वाळा निघत नाही, आणि मोठ्या पक्ष्याच्या पायात घालताही येत नाही. म्हणून सलग वाळा हा पिंजऱ्यात जन्मल्याचा दाखला. बाळाच्या पायातला वाळा आपण कौतुकाने पाहतो. पोपटाच्या पायातला वाळा हा त्याचा जन्माचा कागद आहे.

परदेशी पोपटांच्या बाबतीत भारताला हे जन्माचे कागद अलीकडेच मागावेसे वाटले. मकाऊ, करडे पोपट, काकाकुवा हे आपल्याकडे श्रीमंतांच्या घरी कित्येक वर्षे बिनबोभाट येत होते. देशी पोपट जपणारा कायदा परदेशी पोपटाविषयी मुका होता. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने सल्लापत्र काढले की, सहा महिन्यांत जो आपल्याकडील परदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करील त्याला कागद मागितले जाणार नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, सायटीसच्या याद्या आपल्याच कायद्याची चौथी अनुसूची म्हणून आल्या, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली. जन्म, मृत्यू, हस्तांतर सर्व कळविले पाहिजे. परिणामी असे दृश्य दिसते की, ब्राझिलचा मकाऊ नोंदणी करून कोल्हापुरात राजरोस राहू शकतो, आणि रंकाळ्याच्या काठच्या झाडावरचा कीर घरात ठेवला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, प्रसंगी दोन्ही होऊ शकते. हे ऐकून लोक चिडतात. पण मकाऊची जबाबदारी ब्राझिलच्या रानाशी आहे, कीराची आपल्याशी.

आता ज्या माणसाच्या हातात फासा होता त्याच्याविषयी. पाखरे धरून पोट भरणाऱ्या जमाती हिंदुस्थानभर आहेत. आपल्याकडे फासेपारधी आहे. त्याचा फासा मुख्यतः तितर, लावे, ससे, हरणे यांच्यासाठी. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अशा अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. रोज चौकीवर हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. पाखराला परवाना लागत नव्हता त्या काळात त्याला धरणाऱ्याला हलण्यासाठी परवाना लागत होता! कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरीची पद्धत बंद केली. नुसती बंद करून ते थांबले नाहीत. फासेपारध्यांना त्यांनी जवळ केले, सोनतळीला त्यांच्या राहण्याची सोय केली, पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या, बांधकामावर काम दिले. ज्याच्यावर चोर म्हणून शिक्का होता त्याला राजाने स्वतःच्या दाराशी राखणदार ठेवला. योगायोग असा की त्याच १९१८ साली, फेब्रुवारीत, अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात कॅरोलिना पोपट या जातीचा अखेरचा नर मेला. बागांचा शत्रू म्हणून शेतकऱ्यांनी ज्याचे थवेच्या थवे गोळ्या घालून पाडले, त्या जातीचा तिथे अंत झाला.

स्वतंत्र भारताने गुन्हेगार जमातींचा कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द केला. माणूस सुटला, पण त्याआधी वर्षभर मुंबई राज्यात त्याची शिकार परवान्याखाली आली होती, आणि १९९१ मध्ये तोही परवाना गेला. हे सर्व करताना त्याने आता काय करावे, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही. रानातली प्रत्येक ढोली ज्याला ठाऊक, पिलू कोणत्या आठवड्यात बाहेर डोकावते हे जो सांगू शकतो, तो वनखात्याचा उत्तम पहारेकरी होऊ शकतो. शाहू महाराजांना हे १९१८ च्या आधी कळले होते. १९९१ च्या दुरुस्तीत याविषयी एक ओळ नाही, आणि म्हणून बंदीनंतरही पिले चोरवाटेने बाजारात येत राहिली. दर वर्षी विणीच्या हंगामानंतर पिलांच्या टोपल्या पकडल्या जातात; पकडला जातो तो बहुधा टोपली वाहणारा, ती मागविणारा क्वचितच.

राहता राहिला सोप्यातला पिंजरा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले की, पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे आणि त्यांना पिंजऱ्यात कोंडून व्यापार करण्याचा हक्क माणसाला नाही. हे वाचून काही भाविक मंडळी गच्चीवर जातात आणि पिंजऱ्याचे दार उघडून हात जोडतात. असे करू नये. दहा वर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाच्या पंखांत बळ नसते, कित्येकांची पिसे कातरलेली असतात, घारीचे भय त्याला ठाऊक नसते, आणि भूक लागली की तो माणसाकडेच येतो. तो संध्याकाळपर्यंत कावळ्यांच्या तावडीत सापडतो. तो वनविभागाकडे सुपूर्द करावा. तिथे अशा पोपटांना प्रथम मोठ्या जाळीदार खोलीत इतर पोपटांबरोबर ठेवतात. उडायला जागा, झाडाच्या फांद्या, माणसाच्या हातून खाणे बंद. त्यात कित्येक आठवडे जातात. काही पोपट 'विठू विठू' म्हणायचे विसरतात आणि थव्याची बोली उचलतात. त्यांना सोडता येते. काहींना ती कधीच येत नाही, आणि ते आयुष्यभर त्या खोलीतच राहतात.